कांजूरच्या खाडीकाठचा कबुलीजबाब

नोकरीतल्या बाकीच्या केसेस कुणी विषय काढला तर आठवतात. ही एक मात्र कुणी न विचारता आठवते, आणि आठवली की हातातला चहा तसाच राहतो. नावं कुणाचीच देणार नाही. दोन सख्खे भाऊ होते, त्यांना मी थोरला आणि धाकटा म्हणेन. मी तेव्हा पूर्व उपनगरातल्या एका ठाण्यात गुन्ह्यांचा तपास पाहणारा पोलीस निरीक्षक होतो. आमची हद्द कांजूरमार्गच्या खाडीपासून नाहूरच्या अलीकडपर्यंत होती.

आधी एक गोष्ट स्वतःबद्दल सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं. खात्यात माझं एक नाव होतं. आरोपीला बोटसुद्धा न लावता बोलतं करणारा अधिकारी म्हणून इतर ठाण्यांतूनही मला बोलावणी यायची. माझी पद्धत साधी होती. प्रश्न विचारताना त्यात थोडं उत्तर ठेवायचं. ‘कुठे गेला होतास’ असं न विचारता ‘खाडीवर कशाला गेला होतास’ असं विचारायचं. समोरच्याला वाटतं, साहेबांना सगळं माहीत आहे, आता लपवून काय उपयोग. पट्टीचे चोर या एका युक्तीने माझ्यासमोर ढासळलेले आहेत. मला तिचा गर्व होता. नव्हता असं म्हटलं तर खोटं ठरेल.

मंगळवारी संध्याकाळी थोरल्याची बायको ठाण्यात आली. नवरा सकाळी साडेआठला घरातून गेला तो परतला नव्हता. वय बासष्ट, एका कारखान्यातून निवृत्त, मधुमेहाचा त्रास, व्यसन नाही, कुणाशी वैर नाही. मोबाईल घरीच होता. ठाणे अंमलदाराने मिसिंग दाखल केली, वर्णन घेतलं, फोटो घेतला आणि नेहमीप्रमाणे सगळ्या ठाण्यांना बिनतारी संदेश गेला. बाई मूळची मालवणकडची, मीही त्याच बाजूचा, म्हणून मी तिला दोन शब्द धीराचे बोललो. तिने हात जोडले आणि म्हणाली, “साहेबांनू, ते न सांगता कधी खंय जाणत नाय. कायतरी झाला असतला.”

बुधवारी सकाळी त्यांच्या चाळीच्या नाक्यावरचा इस्त्रीवाला आला. अशा लोकांना आम्ही खबरी म्हणत नाही, पण खबर त्यांच्याकडेच असते. दिवसभर एका जागी उभा असलेला माणूस फार बघतो. तो आत येऊन बसला नाही, दारातूनच म्हणाला, “साहेब, एक बोलायचंय. माझं नाव नको यायला हां.”

“बोल.”

“मंगळवारी सकाळी त्यांच्या घरात जाम राडा झाला. छोटा बोंबलत होता, मारून टाकीन म्हणून. मग दोघं खाली आले. मोठ्याच्या कपाळाला फडका बांधलेला. खाडीच्या बाजूला गेले दोघं. नंतर छोटा एकटाच आला ना साहेब! आणि शर्टावर रक्त.”

मी बाईला पुन्हा बोलावलं. आदल्या दिवशी तिने भांडणाचं अवाक्षर काढलं नव्हतं. बराच वेळ पदराशी चाळा करून शेवटी म्हणाली, “ताट फेकलं त्यांनी. गोळ्या घ्यायच्या नाहीत म्हणून. ह्यांच्या कपाळाला लागलं. पण भावोजी तसे नव्हते हो आधी. पडल्यापासून असे झालेत.”

तेव्हा मला धाकट्याची हकिकत कळली. तो लिफ्ट दुरुस्त करणारा कारागीर. दीड वर्षापूर्वी मुलुंडच्या एका इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात दुसऱ्या मजल्यावरून कोसळला. कवटी उघडून ऑपरेशन करावं लागलं, दोन महिने रुग्णालयात होता. लग्न झालेलं नव्हतं. आईबाप लवकर गेल्यामुळे थोरल्यानेच त्याला वाढवलेला, आणि पडल्यानंतर दुसऱ्यांदा वाढवत होता. आंघोळ, दाढी, सकाळचा फेरफटका, सगळं थोरला करायचा. शांत स्वभावाचा, चाळीतल्या कुणाचाही पंखा फुकट दुरुस्त करून देणारा हा माणूस आता क्षणात भडकायचा आणि क्षणात रडायचा.

यात मला काय दिसलं? मला खुनाचं कारण दिसलं. डोक्यावर परिणाम झालेला तापट माणूस, घरात भांडण, कपाळातून रक्त. घरच्या माणसाने काही लपवलं की पोलिसाचा संशय दुप्पट होतो, आणि बाईने ताट लपवलं होतं. ते तिने दिराला वाचवण्यासाठी लपवलं हे समजण्याइतका मी अनुभवी होतो, पण थांबण्याइतका नव्हतो.

धाकट्याला आणलं. उंच, हाडापेराने मजबूत, केस बारीक कापलेले आणि कानामागून डोक्यावर चढत गेलेला ऑपरेशनचा व्रण. अंगझडतीत खिशात थोरल्याचा मोबाईल निघाला. बाईने घरीच आहे म्हणून सांगितलेला फोन हाच. शर्ट आदल्या दिवशीचाच होता, बाहीवर वाळलेलं रक्त. चौकातल्या कॅमेऱ्यात दोघं सकाळी आठ सत्तेचाळीसला खाडीच्या रस्त्याकडे जाताना दिसत होते आणि नऊ वाजून दहा मिनिटांनी धाकटा एकटा परतताना. खाडीच्या रस्त्यावरच्या बाकीच्या कॅमेऱ्यांचं चित्रण आम्ही पाहिलंच नाही. का पाहावं? हवं ते मिळालं होतं.

त्याला समोर बसवलं, पाणी दिलं आणि माझ्या पद्धतीने सुरुवात केली.

“दादाबरोबर खाडीवर कशाला गेला होतास?”

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “फिरायला. रोज जातो.”

“वाटेत पुन्हा भांडण झालं.”

“झालं. गोळ्यांवरून.”

“तू चिडलास.”

“मी चिडतो साहेब. मला कळत नाही, पण चिडतो.”

“मग तू त्याला ढकललंस.”

तो थांबला. कपाळाला आठ्या पडल्या. अंधारात चाचपडून बटण शोधावं तसा काहीतरी शोधत होता. त्याच्या चेहऱ्यावरची ती धडपड मला स्पष्ट दिसली आणि मी तिचा अर्थ लावला, गुन्हा लपवण्याची धडपड.

“ढकललंस ना?”

“ढकललं.”

“पाण्यात?”

“पाण्यात. बगळे होते तिथे. ते उडाले. दादा ‘बाळा’ म्हणाला.” आणि तो हमसून रडायला लागला.

माझ्या शेजारी बसलेल्या हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षं नोकरी केलेला मुरलेला माणूस, पण त्याच्याही अंगावर काटा आला होता. बगळ्यांबद्दल मी काहीच विचारलं नव्हतं. इतकं बारीक कुणी मनाने रचून सांगेल का? पुढच्या दोन तासांत त्याने सगळंच सांगितलं. कोणत्या जागी, कोणत्या हाताने, थोरला किती वेळ वर आला. मी विचारायचो आणि तो सांगायचा, आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त सांगायचा.

पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, हे वाचकांना माहीत असेल. पण आरोपीने स्वतःहून सांगितलेल्या जागी एखादी वस्तू सापडली, तर ती चालते. म्हणून आम्ही दोन पंच बोलावले, त्यांच्यासमोर त्याचं म्हणणं लिहून घेऊन निवेदन पंचनामा केला आणि धाकट्याला जीपमध्ये घालून खाडीवर नेलं. तो खारफुटीच्या कडेला एका जागी थांबला. “इथे,” म्हणाला. दहा मिनिटं चिखल चाळल्यावर एक तपकिरी चप्पल मिळाली. डाव्या पायाची.

आज मी स्वतःला विचारतो, मुंबईच्या खाडीत कुठेही दहा मिनिटं चिखल चाळला तर चप्पल मिळणार नाही अशी जागा आहे का? शहराच्या निम्म्या चपला तिथेच पोहोचतात. पण त्या दिवशी ती हातात धरून मी बाईसमोर ठेवली. ती म्हणाली, “अशीच होती ह्यांची.” आणि मी कागदावर लिहून घेतलं की हीच चप्पल आपल्या पतीची असल्याचं तिने ओळखलं. खुनाचा गुन्हा दाखल झाला. धाकट्याला अटक झाली.

त्याच संध्याकाळी आणखी एक गोष्ट घडली. बिनतारी संदेशावर असलेली महिला शिपाई कागद घेऊन माझ्या टेबलाशी आली. “सर, पश्चिम उपनगरातल्या एका रुग्णालयात अनोळखी पुरुष दाखल आहे. वय साठ-पासष्ट. काल दुपारी आरे कॉलनीत रस्त्याकडेच्या चरात पडलेला मिळाला. बेशुद्ध होता. आपल्या मिसिंगशी वय जुळतंय. फोन करून विचारू का?”

मी पंचनाम्यावर सही करत होतो. मान वर न करता म्हणालो, “अगं, आपला माणूस खाडीत आहे. तो आरेत कशाला मरायला जाईल?”

ती ‘हो सर’ म्हणाली आणि कागद फाइलला लावून जागेवर गेली. खून दाखल झाला की मिसिंगचा तपास तिथेच थांबतो. त्यानंतर जिवंत माणसाला कुणी शोधत नाही, सगळे प्रेत शोधतात.

गुरुवारी कोर्टाने पोलीस कोठडी दिली. आम्ही ओहोटीची वेळ साधून खाडीत माणसं उतरवली. दिवसभर गळ टाकले. काठावर गर्दी, वर ऊन, खाली काळा चिखल, आणि बेड्या घातलेला धाकटा जीपजवळ उभा राहून जागा दाखवतोय. दुपारी त्याने जागा बदलली. मग पुन्हा बदलली. मी चिडून विचारलं, “नक्की कुठे?” तो घाबरून म्हणाला, “तुम्ही म्हणाल तिथे साहेब.” हवालदार माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, “सर, हा काही बरोबर बोलत नाहीये.” मी त्याला गप्प केलं. आरोपी दिशाभूल करतोय, असं त्या दिवशीच्या स्टेशन डायरीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे.

शुक्रवारी सकाळी मी आलो तेव्हा बाई बाकावर बसलेली होती. तीन दिवसांत म्हातारी झाली होती. हातात सकाळ, दुपार, संध्याकाळ असे कप्पे असलेला गोळ्यांचा डबा. ज्याने आपल्या नवऱ्याला मारलं असं आम्ही तिला सांगितलं होतं, त्याच्यासाठी ती औषध घेऊन आली होती.

“ह्या वेळेवर द्या साहेब. ह्या चुकल्या तर त्यांना कायपण दिसतं.”

डॉक्टरच्या लेखी सांगण्याशिवाय कोठडीत गोळ्या देता येत नाहीत. म्हणून मी कागदपत्रांवरचा नंबर बघून त्याच्यावर उपचार करणाऱ्या मेंदूच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. मला फक्त हो म्हणवून घ्यायचं होतं. गोळ्या बुधवारपासून बंद आहेत म्हटल्यावर त्या माझ्यावर जवळजवळ ओरडल्याच.

“तीन दिवस? आणि या अवस्थेत तुम्ही त्याची चौकशी करताय?”

“मॅडम, त्याने सगळं कबूल केलंय. अगदी बारकाव्यांसकट.”

त्या शांतपणे म्हणाल्या, “बारकाव्यांसकट असेल तर मग जास्तच शंका घ्या. ऐका साहेब, सोपं करून सांगते. डोक्याला इतका जबर मार बसला की मेंदूच्या पेशींमधून ग्लुटामेट नावाचं रसायन एकदम बाहेर पडतं, गरजेच्या कितीतरी पट. त्यात आजूबाजूच्या चांगल्या पेशीही मरतात. वरची जखम भरते, टाके निघतात, लोक म्हणतात बरा झाला. पण आतली रसायनं महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं जागेवर येत नाहीत. अ‍ॅसिटिलकोलिन कमी पडलं की नवी आठवण टिकत नाही. डोपामाइन बिघडलं की राग आवरत नाही, आणि खरंच घडलेलं कोणतं, नुसतं मनात आलेलं कोणतं, हे वेगळं करणारी गाळणीच राहत नाही. आठवणीत भोक पडलं की त्याचा मेंदू ते हाताला लागेल त्याने बुजवतो. तुम्ही प्रश्नातून जे दिलं असेल त्याने.”

“म्हणजे तो खोटं बोलतोय?”

“नाही ना. खोटं बोलायला खरं माहीत असावं लागतं. तो जे सांगतो ते त्याला दिसतं. विश्वास नसेल तर त्याला असं काहीतरी विचारा, जे घडलेलं नाही हे तुम्हाला स्वतःला ठाऊक आहे.”

मी फोन ठेवला. कोठडीत जाऊन त्याच्यासमोर बसलो. हवालदार दाराशी उभा होता. मी माझ्या नेहमीच्याच आवाजात, माझ्या त्याच पद्धतीने विचारलं.

“त्या दिवशी खाडीवर मीही होतो तुमच्याबरोबर.”

तो माझ्याकडे बघत राहिला. कपाळावर पुन्हा त्याच आठ्या, चेहऱ्यावर पुन्हा तीच धडपड.

“दादाला ढकलल्यावर तू माझ्याही अंगावर आलास. मलाही पाण्यात ढकललंस. आठवतंय?”

“हो,” तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले. “तुमची टोपी पाण्यावर तरंगत होती. साहेब, तुम्हाला पोहता येत नव्हतं. मला माफ करा साहेब, मी तुम्हाला मारलं.” आणि त्याने वाकून माझे पाय धरले.

मी जिवंत माणूस त्याच्यासमोर बसलो होतो आणि तो माझ्या खुनाची माफी मागत होता. एकतीस वर्षांच्या नोकरीत मला इतकी भीती कधी वाटली नव्हती. ती त्याची नव्हती. आजवर किती लोक माझ्यासमोर असेच कबूल झाले असतील, हा विचार मनात आला. पण त्या विचाराला वेळ नव्हता. धाकट्याने मारलं नसेल, तर थोरला कुठे आहे? तीन दिवस उलटून गेले होते.

बाहेर येऊन मी बाईशेजारी बाकावरच बसलो. आयुष्यात पहिल्यांदा, उत्तर आत न ठेवता प्रश्न विचारला. “वहिनी, घरातून काय कमी झालंय?”

“काय नाय साहेब. कपडे आहेत, चष्मा आहे. चष्मा लांबचं बघायला लागत नाय त्यांना.”

“स्वयंपाकघर आठवा. सकाळपासून एकेक.”

ती डोळे मिटून बोलू लागली. “सकाळी त्यांनी चहा घेतला नाय. मला वाटलं भांडणाने रुसले. डायबेटिसची गोळी मात्र घेतली. फळीवर दोन नारळ होते... दोन होते. आता एकच आहे. पानांची जुडी पण सोडलेली होती.”

“हे आधी का नाही सांगितलंत?”

“नारळ गेला म्हणून कोण पोलिसात सांगतो काय?”

ती बरोबर होती. कुणी सांगत नाही. पण मी कोकणातला आहे, आणि उपाशीपोटी, कुणाला न सांगता, नारळ आणि विडा घेऊन माणूस कुठे जातो हे मला माहीत होतं. आमच्याकडे झाडपाल्याचं औषध आणायला निघालेल्या माणसाला कुणी टोकू नये म्हणतात. ‘खंय चललंस’ असं कुणी विचारलं तर त्या दिवशी औषध लागू पडत नाही. म्हणून तो चोरासारखा गुपचूप निघतो. झाडासमोर नारळ ठेवायचा, विडा ठेवायचा, मग मूळ काढायचं, आणि ते सगळं होईस्तोवर तोंडात काही घालायचं नाही.

“वहिनी, ह्यांनी औषधवाल्याचं कधी काही काढलं होतं?”

तिचा हात तोंडावर गेला. “काढलेला! डोक्याच्या माराचं मूळ देणारो कोण म्हातारो आसा, आरेच्या जंगलातल्या पाड्यावर. मीच भांडलंय. डॉक्टरीणबाईंनी झाडपालो बंद सांगितल्यानी म्हणून. माका सांगितल्यानीच नाय मग...”

आरे. मी उठलो. ती महिला शिपाई ड्यूटीवरच होती. तिला काही सांगावं लागलं नाही. माझा चेहरा बघूनच तिने फाइलमधून बुधवारचा तो कागद काढून माझ्या हातात दिला. तिच्या जागी मी असतो तर दोन शब्द ऐकवले असते. तिने ऐकवले नाहीत.

तिथून रुग्णालयापर्यंतचा रस्ता मला आजही खड्ड्याखड्ड्याने सांगता येईल. फोन लावला होता, पण वॉर्डातून एवढंच कळलं की तो अनोळखी पेशंट रात्रीपासून जास्त आहे. मागच्या सीटवर बाई बसली होती. पवईच्या पुढे ट्रॅफिक अडकला तेव्हा हवालदार खाली उतरून स्वतः गाड्या बाजूला करत पुढे धावला. मी मनातल्या मनात म्हणत होतो, तो असू दे, आणि जिवंत असू दे. पोलिसाने तपासात असं मागणं मागू नये. मी मागितलं.

तो होता. खाटेवर, नाकात नळी, दाढी वाढलेली, कपाळावर ताटाची जखम. गोळी घेऊन उपाशी चालल्यामुळे रक्तातली साखर पार खाली गेली, चक्कर येऊन चरात पडला, खुब्याचं हाड मोडलं. लोकांना दिसेपर्यंत तीन-चार तास गेले होते. रजिस्टरला नाव लिहिलेलं होतं ‘बाळा’, कारण शुद्ध-बेशुद्धीत तो तेवढंच म्हणत होता. ते त्याचं नाव नव्हतं, धाकट्याला तो त्या नावाने हाक मारायचा. खाटेखालच्या पिशवीत त्याच्या दोन्ही चपला होत्या, आणि फडक्यात गुंडाळलेलं एक वाळकं मूळ. बाईने त्याच्या कानाशी वाकून हाक मारली आणि त्याने डोळे उघडले. तो कोणती औषधं घेतो ते तिने सांगितल्यामुळे डॉक्टरांना पुढचं सोपं झालं. तो वाचला.

बाकीच्या कॅमेऱ्यांचं राहिलेलं चित्रण आम्ही मग पाहिलं. खाडीच्या रस्त्यावर अर्ध्या वाटेतून थोरल्याने धाकट्याला घराकडे वळवून दिलं होतं, फोन हातात दिला होता (मनाला विरंगुळा म्हणून फोटो बघायला, असं त्याने नंतर सांगितलं) आणि स्वतः दुसऱ्या गल्लीतून बसथांब्याकडे गेला होता. सगळं मिळून सहा मिनिटांचं चित्रण. बुधवारी पाहिलं असतं तर बुधवारीच सुटलं असतं.

कोर्टात अहवाल दिला, धाकटा सुटला. वरिष्ठांनी माझ्याकडून खुलासा मागवला, मी तो एकही सबब न सांगता लिहून दिला. आठवड्याने धाकट्याला मी स्वतः भावाला भेटायला नेलं. वाटलं होतं, समोर जिवंत पाहिला की सगळं पुसलं जाईल. थोरल्याने त्याला बघताच विचारलं, “बाळा, जेवलास?” धाकटा खाटेला बिलगला आणि म्हणाला, “दादा, मी तुला ढकललं रे.”

“अरे, मी हा इथे आहे ना. तू कुठे ढकललंस?”

“हो, तू आहेस. पण मी ढकललं. बगळे उडाले.”

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, हे किती दिवस चालेल? काल कोण भेटलं ते याला आठवत नाही, मग हेही जाईल ना? त्या म्हणाल्या, “भीतीच्या वेळी शरीरात जी रसायनं सुटतात, ती आठवण पक्की करतात. साध्या गोष्टी याच्याकडे टिकत नाहीत. पण हे तीन दिवस तो कोठडीत होता, बेड्यांत होता, आणि तुम्ही पुन्हा पुन्हा तेच विचारत होता. हे टिकेल.” त्यांनी ते रागाने म्हटलं नाही. रागाने म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं.

या केसने मला काय शिकवलं असं तरुण अधिकारी विचारतात. मी त्यांना एवढंच सांगतो, माणूस सहज कबूल व्हायला लागला की थांबा, आणि त्यातलं तुम्ही त्याच्या तोंडात किती घातलंत ते आधी तपासा. कागदपत्रांत डोक्याच्या माराचा उल्लेख दिसला तर पहिला फोन डॉक्टरांना करा. कोठडीतल्या माणसाची औषधं पहिल्या दिवशी विचारा. मी स्वतः त्यानंतर कुणाचीही चौकशी त्या पद्धतीने केली नाही. ठाण्यात लोक म्हणाले, साहेब ढिले पडले. म्हणोत.

निवृत्त झाल्यावर मी दर दोन-तीन महिन्यांनी त्यांच्या घरी जायचो. जाताना फळं न्यायचो, थोरल्याच्या खुब्याची चौकशी करायचो, बाईच्या हातचा चहा घ्यायचो. त्यांनी मला कधी एका शब्दाने दुखावलं नाही. गेल्या वेळी दारात पोहोचलो तेव्हा धाकटा खुर्चीत बसून पंख्याची मोटर उघडत होता, हात पुन्हा कामाला लागले होते. चेहरा प्रसन्न होता. मला बघितलं आणि त्याने हातातलं पेचकस खाली ठेवलं. उठला, दोन्ही मनगटं जोडून माझ्यापुढे धरली आणि म्हणाला, “चला साहेब, जागा दाखवतो.”

थोरला काठी टेकत आला. त्याने भावाचे हात खाली केले, त्याला परत खुर्चीत बसवलं, पेचकस हातात दिलं. मग मला जिन्यापर्यंत सोडायला आला. तिथे थांबून, खाली बघत, अगदी अदबीने म्हणाला, “साहेब, रागावू नका. तुम्ही येऊन गेलात की तो आठ दिवस झोपत नाही. तुम्ही नका येऊ आता.”

मी हो म्हणालो. त्यानंतर मी त्या चाळीकडे गेलेलो नाही.